परस्पर दिलेली क्षमा

लंडनच्या पूर्वेस, ग्रिनिच येथे थेम्स नदीच्या काठी एक जुने शिडाचे जहाज कोरड्या गोदीत कायमचे उभे करून ठेवले आहे. त्याचे नाव ‘कटी सार्क’. रॉबर्ट बर्न्स या स्कॉटिश कवीच्या एका कथाकाव्यात एक चेटकीण आहे. तिच्या अंगातल्या आखूड झग्यावरून जहाजाला हे नाव मिळाले. घोड्याच्या शेपटीचे केस मुठीत धरलेली तिची मूर्ती जहाजाच्या पुढच्या टोकाशी बसवलेली आहे. जगभरातून येणारे प्रवासी तिच्याकडे पाहतात, उंच डोलकाठ्यांकडे माना वर करून पाहतात, आणि एवढे देखणे जहाज माल वाहण्यासाठी बांधले होते यावर क्षणभर त्यांचा विश्वास बसत नाही.

परंतु ते माल वाहण्यासाठीच बांधले होते. स्कॉटलंडमधील डम्बार्टन येथे २२ नोव्हेंबर १८६९ रोजी हे जहाज पाण्यात उतरले. त्याचा सांगाडा लोखंडाचा आणि त्यावरच्या फळ्या सागवानी व एल्मच्या लाकडाच्या होत्या. लांबी सुमारे २१२ फूट, रुंदी ३६ फूट. शिडांचे एकूण क्षेत्रफळ ३२ हजार चौरस फूट. ज्या कारखान्याने ते बांधायला घेतले, त्याचे दिवाळे ते पुरे होण्यापूर्वीच निघाले आणि उरलेले काम दुसऱ्यांनी केले. जॉन विलिस या मालकाला चीनमधून चहा आणणारे सर्वांत वेगवान जहाज हवे होते. नव्या हंगामाचा चहा जो आधी लंडनला पोहोचवील त्याला चढा भाव मिळे. परंतु काळाने त्याची थट्टा केली. जहाज पाण्यात उतरण्यापूर्वी अवघे पाच दिवस, १७ नोव्हेंबर रोजी, सुएझचा कालवा वाहतुकीस खुला झाला होता. आगबोटींना जवळचा मार्ग मिळाला. वाऱ्यावर चालणाऱ्या जहाजांना मात्र आफ्रिकेला वळसा घालूनच जाणे भाग होते.

पहिल्या फेरीत ‘कटी सार्क’ने शांघायहून सुमारे १३ लाख पौंड चहा आणला. १८७२ मध्ये ‘थर्मोपिली’ या प्रतिस्पर्धी जहाजाशी त्याची शर्यत लागली. पुढे असतानाच हिंदी महासागरात त्याचे सुकाणू वादळाने मोडले. कप्तान मूडी याने बंदराचा आश्रय घेतला नाही. खवळलेल्या समुद्रात, डेकवरच भट्टी पेटवून, हाताशी असलेल्या लाकूड-लोखंडातून नवे सुकाणू तयार करवले. शर्यत आठवड्याभराने हरली, पण नाव झाले. चहाची शेवटची खेप १८७७ ची. त्यानंतर मिळेल तो माल घेऊन मिळेल तिकडे जाणे नशिबी आले: कोळसा, ताग, रॉकेलचे डबे. आपल्या कोलकात्याचे आणि पूर्व किनाऱ्यावरचे पाणीही त्याने पाहिले. पुढे १८८३ पासून ऑस्ट्रेलियातील लोकर वाहण्यात त्याची खरी कर्तबगारी दिसली. कप्तान वुडगेट याच्या हाताखाली सिडनीहून लंडनला ते ७३ दिवसांत पोहोचले. १८८९ मध्ये तर एका नामांकित आगबोटीला त्याने रात्रीतून मागे टाकले. १८९५ मध्ये ते पोर्तुगीज मालकाकडे गेले. १९२२ मध्ये एका इंग्रज कप्तानाने ते परत विकत घेतले. १९५४ मध्ये ते ग्रिनिचच्या गोदीत आले. २००७ मध्ये तेथे त्याला आग लागली. दुरुस्तीनंतर २०१२ मध्ये ते पुन्हा लोकांसाठी उघडण्यात आले.

हा झाला जहाजाचा जीवनक्रम. आमचे मन मात्र या साऱ्या पराक्रमांवर फार वेळ रेंगाळत नाही. ते पुनःपुन्हा जाते ते १८८० सालच्या एका अपुऱ्या फेरीकडे. त्या फेरीत वेग नव्हता, कीर्तीही नव्हती. तीन माणसे होती. एकाने मारले, एक मेला आणि एकाने क्षमा केली. ज्याने क्षमा केली तोही मेला. असे का व्हावे, हा प्रश्न आमची पाठ सोडत नाही.

*

त्या वर्षी वेल्समधील पेनार्थ बंदरातून कोळसा भरून ‘कटी सार्क’ जपानमधील योकोहामाकडे निघाले. कप्तान होता जेम्स वॉलेस. हा माणूस कुशल होता आणि हाताखालच्या लोकांशी मायेने वागणारा होता, असे त्याच्याविषयी लिहिलेले आढळते. पहिला अधिकारी सिडने स्मिथ याच्या उलट. कडक, तापट, माणसांना राबवून घेणारा. खलाशांमध्ये जॉन फ्रान्सिस नावाचा एक कृष्णवर्णीय होता. त्याला खलाशाचे काम धड येत नव्हते आणि तो उलट उत्तरे देई, असे जहाजाचा इतिहास सांगतो. इतिहास सांगणारे जिवंत राहिले होते, फ्रान्सिस राहिला नव्हता, एवढे ध्यानात ठेवून हे वाचावे.

ऑगस्ट महिन्यातील एका रात्री, शिडाचा दोर सोडण्याच्या हुकुमावरून दोघांत जुंपली. नांगर ओढण्याचा उभा रहाट फिरवायला जे जड लाकडी दांडे असतात, त्यांपैकी एक फ्रान्सिसने उगारला. स्मिथने तो हिसकावून घेतला आणि त्याच्या डोक्यात घातला. फ्रान्सिस पुन्हा शुद्धीवर आला नाही. तीन दिवसांनी तो मेला आणि खलाशाचे होते तसेच त्याचे दफन समुद्रात झाले. स्मिथ कामावरून बाजूला होऊन आपल्या खोलीत राहिला. बंदर आले की त्याला कायद्याच्या हवाली केले जाईल, असे खलाशी धरून चालले होते.

जावा आणि सुमात्रा यांच्यामधल्या सामुद्रधुनीत अंजेर नावाचे बंदर होते. तेथे जहाज थांबले. वॉलेसने स्मिथला एका अमेरिकन जहाजावर निसटून जायला मदत केली. का, ते त्याने कोणाला सांगितले नाही. कदाचित दांडा आधी फ्रान्सिसने उगारला होता, हे त्याच्या मनात असेल. कदाचित खुनाचा आरोप आला तर स्मिथ फासावर जाईल, एका क्षणाच्या संतापाची ती फार मोठी शिक्षा होईल, असे त्याला वाटले असेल. कदाचित आपल्या शेजारी जेवणाऱ्या सहकाऱ्याला बेड्यांत पाहणे त्याला सोसले नसेल. यांतले कोणतेही कारण दुष्टपणाचे नाही. आमची अडचण नेमकी तीच आहे.

खलाशांना हे कळले तेव्हा त्यांनी काम टाकले. वॉलेसने उमेदवार पोरे आणि मोजकी माणसे हाताशी धरून नांगर उचलला. जहाज जावाच्या समुद्रात शिरले आणि वारा पडला. ज्यांनी शिडाच्या होडीतून प्रवास केला आहे त्यांना वारा पडणे म्हणजे काय ते ठाऊक आहे. वादळात माणसाला उसंत नसते. पडलेल्या वाऱ्यात करायला काहीच नसते. शिडे लोंबत राहतात, पाणी तेलासारखे दिसते, आणि मनात जे असेल ते वर येते. त्या दिवसांत वॉलेसला झोप लागत नव्हती. योकोहामाला पोहोचल्यावर चौकशी होणार, पहिला अधिकारी कोठे गेला हे विचारले जाणार, आपले प्रमाणपत्र आणि आपले नाव दोन्ही जाणार, हे त्याला दिसत होते. वारा पडल्यापासून चौथ्या दिवशी पहाटे तो जहाजाच्या कडेवर चढला आणि त्याने समुद्रात उडी घेतली. होडी सोडून शोध घेतला गेला, पण तो सापडला नाही.

जहाज अंजेरला परत आणले गेले आणि पुढे सिंगापूरला. नवा कप्तान ब्रूस मद्यपी निघाला. त्याच्या कारकिर्दीत खलाशांची अन्नान्नदशा झाली. १८८२ मध्ये न्यूयॉर्क येथे चौकशी होऊन त्याला दूर करण्यात आले. तोवर दीड वर्ष गेले होते. एका माणसाच्या दयेचे मोल असे साऱ्या जहाजाने चुकते केले.

*

आता प्रश्न असा: वॉलेसने केले ते वाईट होते काय?

घाईने उत्तर देणाऱ्यांपैकी आम्ही नाही. लहानपणापासून आपल्याला शिकवले जाते की क्षमा ही न्यायाहून मोठी आहे. ‘डोळ्याला डोळा’ हा हिशेब माणसाला आंधळे करतो, हेही आपण मानतो. मग ज्याने एका गुन्हेगाराला फासापासून वाचवले, त्याच्यावर बोट कसे ठेवावे? वॉलेसच्या जागी एखादा निष्ठुर कप्तान असता तर त्याने स्मिथला बेड्या घालून जपानला नेले असते आणि रात्री तो गाढ झोपला असता. वॉलेस झोपू शकला नाही, कारण त्याचे हृदय जागे होते. अशा माणसाला दोष देताना जीभ अडखळते.

आणि तरीही आम्हाला वाटते की वॉलेसने जे दिले ते त्याचे नव्हतेच. एखाद्याने आपले पैसे बुडवले तर ते सोडून देण्याचा अधिकार आपल्याला आहे. शेजाऱ्याचे पैसे बुडवणाऱ्याला ‘जा, तुझे कर्ज माफ’ असे म्हणण्याचा अधिकार आपल्याला नाही. तसे म्हटल्याने आपण उदार ठरत नाही. शेजाऱ्याच्या पेटीत हात घातलेला असतो, इतकेच. घाव फ्रान्सिसच्या डोक्यावर बसला होता. तो क्षमा करू शकला असता किंवा नसताही. तो गेल्यावर त्याच्या बाजूने बोलायला उरले होते ते त्याच्याबरोबर एका कोठडीवजा खोलीत झोपणारे, त्याच डब्यातले खारवलेले मांस खाणारे खलाशी. वॉलेसने त्यांना विचारले नाही. सांगितलेही नाही. मराठीत ‘परस्पर’ हा शब्द आपण अशा वेळी वापरतो. ज्याचा संबंध आहे त्याला वगळून, त्याच्या पाठीमागे, बाहेरच्या बाहेर केलेली गोष्ट ती परस्पर. वॉलेसची क्षमा परस्पर दिलेली होती.

खलाशांनी काम टाकले ते सूडबुद्धीने, असे कोणी म्हणेल. असेलही थोडे. पण त्यांच्या जागी उभे राहून पाहावे. किनाऱ्यापासून शेकडो मैल दूर, एका जहाजावर पंचवीस-तीस माणसे. वरिष्ठाचा शब्द हाच तेथे कायदा. दाद मागायची ती एकाच माणसाकडे, कप्तानाकडे. त्या माणसाने रात्रीतून दाखवून दिले की अधिकाऱ्याच्या हातून खलाशी मेला तर अधिकाऱ्याला वाट करून दिली जाते. उलट घडले असते, दांडा फ्रान्सिसचा बसला असता आणि स्मिथ मेला असता, तर वॉलेसने फ्रान्सिसला अमेरिकन जहाजावर चढवले असते काय? हा प्रश्न प्रत्येक खलाशाने मनात विचारला असेल. त्याचे उत्तरही त्यांना ठाऊक होते. दया ही जेव्हा फक्त आपल्या पंक्तीला बसणाऱ्यांनाच सुचते, तेव्हा तिला दया म्हणावे की पंक्तिप्रपंच?

ही घटना पुढे साहित्यातही गेली. जोसेफ कॉनरॅड स्वतः दर्यावर्दी होता. ‘कटी सार्क’वरील हकीकतीवरून सुचलेली त्याची एक दीर्घकथा १९१० मध्ये प्रसिद्ध झाली. तीत एका उद्धट खलाशाला मारून पळालेला अधिकारी दुसऱ्या जहाजावर येतो आणि तेथला तरुण कप्तान त्याला आपल्या खोलीत लपवतो. कथा श्रेष्ठ आहे, यात वाद नाही. वाचताना आपण श्वास रोखून त्या पळपुट्याच्या बाजूने उभे राहतो. पुस्तक मिटल्यावर ध्यानात येते की मेलेल्या माणसाला कथेत फारशी जागाच नाही. तो वाईट होता, एवढेच आपल्याला कळते. क्षमा इतकी सुंदर दिसते, कारण ज्याच्या खर्चाने ती झाली तो दृष्टीआड आहे.

*

येथे आम्हाला एक कबुली द्यावयाची आहे. परक्या देशातील शंभरहून अधिक वर्षांपूर्वीच्या कप्तानाचा न्याय करणे सोपे असते. परंतु आम्हीही एकदा वॉलेस झालो होतो.

बऱ्याच वर्षांपूर्वी आम्ही एका शाळेच्या व्यवस्थापन समितीवर होतो. एका शिक्षकाने रागाच्या भरात एका विद्यार्थ्याच्या कानशिलात इतक्या जोराने मारली की त्याच्या एका कानाला कायमचे कमी ऐकू येऊ लागले. शिक्षक मनाने वाईट नव्हते. शिकवण्यात हुशार, घरी दोन मुली लग्नाच्या, निवृत्तीला काही वर्षे उरलेली. समितीच्या बैठकीत ते रडले. आम्हा सर्वांचे डोळे पाणावले. ‘प्रकरण वाढवू नये, माणूस आयुष्यातून उठेल’ असे आमच्यातील एकाने म्हटले आणि सर्वांनी मान डोलावली. राजीनामा घेतला, चांगल्या वर्तणुकीचा दाखला दिला. पुढच्या जूनमध्ये ते दुसऱ्या गावच्या शाळेत रुजू झाले. त्या दिवशी घरी जाताना आपण काहीतरी चांगले केले, असेच आम्हाला वाटत होते.

आठवड्याने मुलाचे वडील आले. मासळीच्या धंद्यातला, फारसे न बोलणारा गृहस्थ. त्याने आरडाओरड केली नाही. एवढेच म्हणाला, “सर, माफ करायचं होतं तर ते माझ्या पोरानं करायचं होतं. तुम्ही परस्पर कसं केलंत?”

आमच्यापाशी उत्तर नव्हते. आजही नाही. बैठकीत शिक्षकांचे अश्रू आम्हाला दिसत होते, कारण ते समोर बसले होते. मुलगा बैठकीला नव्हता. त्याला बोलवावे, असे कोणाच्या मनातही आले नव्हते. शिवाय त्या दुसऱ्या गावच्या शाळेतील मुलांचा विचार कोणी केला होता? आम्ही आमच्या अंजेर बंदरात एका माणसाला दुसऱ्या जहाजावर चढवून दिले होते. त्या जहाजावरील लोकांना, तुमच्याकडे कोण येत आहे, हे कळवले नव्हते.

वाचकहो, हे केवळ एका समितीपुरते नाही. पतपेढीत अफरातफर होते आणि कारकुनाला ‘प्रकृतीच्या कारणास्तव’ मोकळे केले जाते. कार्यालयात एखादी स्त्री तक्रार करते आणि साहेबांची बदली होते. धर्मसंस्थाही या मोहापासून मुक्त राहिल्या नाहीत, हे गेल्या काही दशकांत साऱ्या जगाने पाहिले आहे. प्रत्येक वेळी शब्द दयेचे असतात: ‘माणूस आहे, चुकतो’, ‘त्याच्या कुटुंबाचा विचार करा’, ‘संस्थेचे नाव जाईल’. यांतले शेवटचे वाक्य बहुधा सर्वांत खरे असते आणि म्हणून सर्वांत हळू आवाजात उच्चारले जाते.

*

वॉलेसच्या कथेला एक शेवट आहे आणि तो त्याला कळला नाही. १८८२ मध्ये स्मिथ लंडनमध्ये ओळखला गेला, पकडला गेला आणि त्याच्यावर खटला चालला. न्यायालयाने साक्षी ऐकल्या. दांडा आधी कोणी उगारला तेही ऐकले. त्याला खुनाबद्दल फाशी झाली नाही. सदोष मनुष्यवधाबद्दल सात वर्षांची सक्तमजुरी झाली.

हे वाचताना आम्ही थबकतो. वॉलेसला ज्याची भीती वाटत होती ते घडलेच नाही. तो ज्या सौम्यतेची स्मिथसाठी इच्छा करीत होता ती सौम्यता न्यायासनानेही दाखवली. फरक इतकाच की तेथे ती उघड्यावर दाखवली गेली. एक माणूस मारला गेला, त्याचे नाव जॉन फ्रान्सिस होते, हे आधी मोठ्याने उच्चारले गेले आणि मग मारणाऱ्याची बाजू विचारात घेतली गेली. दया आणि न्याय यांचे वैर आहे असे आपण समजतो. येथे तर न्यायाच्याच वाटेने दया आली. वॉलेसला ती वाट लांबची वाटली. त्याने जवळची वाट धरली आणि त्या वाटेवर तीन जण हरवले: फ्रान्सिसला मिळणारा न्याय दोन वर्षे लांबला, स्मिथ दोन वर्षे लपत राहिला, आणि वॉलेस स्वतः गेला.

त्याच्या उडीबद्दल आम्ही काही बोलणार नाही. वारा पडलेल्या समुद्रात चार दिवस एका माणसाच्या मनात काय चालले होते, ते त्या माणसाखेरीज एकालाच ठाऊक. मात्र एक गोष्ट जाणवते. त्याने स्मिथला क्षमा केली, पण स्वतःला करू शकला नाही. ज्यांना विचारायला हवे होते त्या खलाशांपुढे उभे राहून ‘माझे चुकले’ असे तो म्हणाला असता, तर कदाचित त्यांनीच पुन्हा शिडे चढवली असती. उग्र दिसणारी माणसे पुष्कळदा आपल्या अपेक्षेहून मोठ्या मनाची निघतात. पण ती संधी त्यांना द्यावी लागते.

मग अधिकारपदावरील माणसाने दया करूच नये काय? करावी. जरूर करावी. परंतु आधी घडले ते घडले म्हणून सांगावे. ज्याला घाव बसला त्याला आत बोलवावे, खुर्ची द्यावी आणि त्याचे पुरते ऐकावे. आणि जे सोडून द्यायचे ते स्वतःच्या हक्कातले सोडावे, दुसऱ्याच्या नव्हे. एवढे करून जी दया उरेल ती थोडी असेल, पण ती खरी असेल.

मागच्या वर्षी एका लग्नसमारंभात तो मुलगा आम्हाला भेटला. आता मुलगा कसला, चांगला चाळिशीचा गृहस्थ आहे. आगबोटीवर नोकरी करता आली असती, पण कानामुळे वैद्यकीय तपासणीत बाद झाला, असे त्याने बोलता बोलता सांगितले. आम्ही त्याला बाजूला नेले, त्या बैठकीत काय झाले होते ते प्रथमच सगळे सांगितले आणि त्याची क्षमा मागितली. त्याने चांगला कान आमच्या बाजूला करून शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाला, “सर, विचार करून सांगतो.”

अजून त्याने सांगितलेले नाही. आम्ही वाट पाहत आहोत. किती दिवस लावायचे ते त्याने ठरवायचे आहे.